लिलावातून आलेली पोलीस बोलेरो विकताना : पुण्यातलं एक प्रकरण

गाडी महिंद्रा बोलेरो, २०१५ ची, २५२३ सीसी डिझेल, पांढरी, एमएच १२ पासिंग. पहिली आठ वर्षं एका पोलीस घटकाकडे, नंतरची दोन वर्षं उरुळी कांचनजवळ नर्सरी चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे. मीटरवर १ लाख ४१ हजार. अपेक्षा चार लाखांची. जाहिरात टाकून चार महिने झालेले. गिऱ्हाईक येत होतं, गाडीभोवती दोन चकरा मारत होतं, चहा घेत होतं आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जात होतं ते जातच होतं.

जुन्या गाड्या तपासून देणं हा माझा धंदा, त्यामुळे प्रकरण माझ्याकडे आलं. नर्सरीवाल्यांना पंचक्रोशी 'आप्पा' म्हणते, मीही तेच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नियम आणि कागद मात्र जसेच्या तसे आहेत.

आप्पांचं निदान तयार होतं. "लोकांना पोलिसांचं नाव नको असतं हो. अपशकुन मानतात. त्या गाडीत काय काय नेलं असेल, असं वाटतं त्यांना." असं वाटणारे लोक असतात, नाही असं नाही. पण असा माणूस फोनवरच नाही म्हणतो. तो दौंडवरून किंवा जुन्नरवरून स्वतःचं डिझेल जाळून गाडी बघायला येत नाही. आलेला माणूस परत का जातो हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर पाहायला मी एका रविवारी दुपारी नर्सरीत जाऊन बसलो.

जाहिरातीत मजकूर होता : 'सिंगल हँड, ऑफिस यूज, टॉप कंडिशन'. पोलीस हा शब्द कुठेच नाही. आलेला माणूस जुन्नरकडचा, टोमॅटोवाला. त्याने बॉनेट उघडायच्या आधी गाडीच्या मागच्या कोपऱ्यात उकिडवं बसून दाराच्या पत्र्यावरून तिरपी नजर टाकली. उन्हं कललेली होती. समोरून नुसता पांढरा दिसणारा दरवाजा त्या कोनातून वाचता येत होता. स्टिकर काढले तरी त्यांच्याखालच्या रंगाला आठ वर्षं ऊन लागलेलं नव्हतं. आजूबाजूचा रंग पिवळट, खडबडीत झालेला आणि अक्षरांच्या जागी मूळचा गुळगुळीत पांढरा तसाच. त्याने अंगठा फिरवला आणि विचारलं,

"मालक, दारावर काय लिहिलं होतं?"

"कंपनीचं नाव होतं."

"कुठली कंपनी? खलनिग्रहणाय प्रायव्हेट लिमिटेड?"

महाराष्ट्र पोलिसांचं 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे बोधवाक्य शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यातली शेवटची सात अक्षरं दारावर सरळ दिसत होती. टोमॅटोवाला चिडला नव्हता, हसत होता. पण त्यानंतर त्याने आरसी मागितली, आप्पांनी झेरॉक्स दिली, त्याने ती वाचली आणि मग मात्र हसला नाही. गाडी अजून सरकारी कार्यालयाच्या नावावर होती.

खरी अडचण ही होती. अक्षरं नसती दिसली तरी सौदा इथेच मोडला असता, फक्त दहा मिनिटं उशिरा.

कागदांची साखळी

आप्पांनी गाडी थेट लिलावात घेतलेली नव्हती. २०२३ मध्ये त्या पोलीस घटकाने बाद ठरवलेल्या गाड्या लिलावात काढल्या, त्या एका लिलाववाल्याने लॉटमध्ये उचलल्या आणि त्यातली बरी बोलेरो १ लाख ८५ हजारांना आप्पांना दिली. हातात काय दिलं? मूळ आरसी, गाडी ताब्यात दिल्याच्या पत्राची झेरॉक्स आणि १०० रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला करार. आप्पांच्या दृष्टीने व्यवहार पक्का होता, कारण करारावर दोन साक्षीदार आणि गोल शिक्का होता. परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने मात्र काहीच घडलेलं नव्हतं.

लिलावातल्या गाडीचं हस्तांतर नेहमीच्या खरेदी-विक्रीसारखं होत नाही. नेहमीच्या व्यवहारात विकणारा आणि घेणारा नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या करतात. सरकारी लिलावात विकणारा अधिकारी संगम पुलाजवळच्या आरटीओत येऊन अशा सह्या करत बसत नाही. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५७ वा नियम वेगळा आहे. लिलावात गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नमुना ३२ भरून अर्ज करायचा. सोबत आरसी, विमा, गाडी आपल्या नावे विकल्याचा लिलाव अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश आणि ज्या शासकीय आदेशाने गाडी लिलावात काढली त्याची प्रमाणित प्रत. आता हा अर्ज करणार कोण? ज्याच्या नावे विक्री कायम झाली तो, म्हणजे लिलाववाला. आप्पांचं नाव त्या कागदांत कुठेच नाही. त्यामुळे नोटरी केलेला करार घेऊन ते कितीही वेळा खिडकीवर गेले असते तरी गाडी त्यांच्या नावावर चढली नसती.

लिलाववाले हे मुद्दाम करतात. आपल्या नावावर गाडी चढवली तर खर्च येतो, वेळ जातो आणि आरसीवर एक हात वाढतो. पुढच्या गिऱ्हाइकाला 'सरकारी गाडी, एकच मालक' असं सांगता यायला हवं, म्हणून मधला माणूस कागदावर येतच नाही. सगळं आलबेल असेतोवर यात कुणाला वावगंही वाटत नाही.

अपघात झाला की मात्र चित्र पालटतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ अनेक हातांतून गेली होती आणि नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती. आप्पांच्या बोलेरोने त्या दोन वर्षांत सोलापूर रस्त्यावर कुणाला उडवलं असतं तर दाव्याची नोटीस पोलीस घटकाच्या नावाने निघाली असती. मग घटकाने लिलाववाल्याचं नाव सांगितलं असतं, लिलाववाल्याने आप्पांचं. म्हणूनच लिलावाच्या अटींत नाव लवकर बदलून घेण्याबद्दल लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

विम्याची तऱ्हा याहून मजेशीर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सरकारच्या मालकीच्या आणि सरकारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या गाडीला तृतीय पक्ष विम्याचं बंधन नाही. त्यामुळे पोलिसांकडून आलेल्या गाडीला मागची विमा पॉलिसीच नसण्याची शक्यता मोठी. या बोलेरोलाही नव्हती. ना नो क्लेम बोनस, ना जुन्या दाव्यांचा इतिहास. अशा गाडीला विमा देताना कंपनी तपासणीसाठी माणूस पाठवते. आप्पांच्या ओळखीच्या एजंटाने ती भानगड टाळून ऑनलाइन पॉलिसी काढून दिली होती. पॉलिसीवर नाव आप्पांचं, आरसीवर नाव सरकारचं. दावा आलाच असता तर विमा कंपनीच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळाला असता.

तेव्हा क्रम असा ठरला की आधी गाडी लिलाववाल्याच्या नावावर, मग आप्पांच्या, मग गिऱ्हाइकाच्या. थेट लिलाववाल्याकडून गिऱ्हाइकाच्या नावावर चढवू, मधला एक हात वाचेल, अशी आप्पांची सूचना होती. ती मी मानली नाही. दोन वर्षं गाडी वापरली आप्पांनी, चलानं आली आप्पांच्या वापरातली, पैसे घेणार आप्पा आणि सही करणार तिसराच. त्याने ऐन वेळी तोंड फिरवलं तर काय करायचं? ज्याच्या नावावर गाडी त्यानेच विकलेली बरी.

लिलाववाला सापडला, कारण असे लोक धंदा सोडून जात नाहीत. आधी म्हणाला, "शेठ, सगळे असंच करतात." मग म्हणाला, लॉटचे कागद गोडाऊनमध्ये आहेत. शेवटी १५ हजारांवर तयार झाला. विक्री कायम केल्याचा आदेश त्याच्याकडे मूळ होता, शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत मात्र नव्हती. ती घटकाच्या मोटार परिवहन विभागाकडून घ्यावी लागली. अर्ज त्याच्याच नावाने, लिलाव क्रमांक आणि चेसिस नंबर लिहून. नुसता गाडीचा नंबर दिला तर रजिस्टरमध्ये शोधायला वेळ जातो. तरीही महिना उलटला. मधल्या काळात आप्पांना दर दोन दिवसांनी वाटायचं की गाडी भंगारात घालावी आणि मोकळं व्हावं.

आणखी दोन बारीक अडथळे आले. ही नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची. ती नसेल तर महाराष्ट्रात मालकी बदलासारखी कामं अडवली जातात. चारचाकीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी, बसवायला अर्धा तास. अवघड काहीच नाही, फक्त हे आधी उरकायला हवं. दुसरं ई-चलान. आप्पांच्या काळातली वेगमर्यादेची तीन निघाली आणि पोलिसांच्या काळातलं एक. ते एक आप्पांनी भरायचं की नाही यावर नर्सरीत मोठी चर्चा झाली. "पोलिसांनीच पोलिसांना केलेला दंड मी का भरू?" तत्त्व म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं. पण तत्त्वासाठी अर्ज अडकवून ठेवण्याइतकी रक्कम नव्हती. भरून टाकली.

एका अफवेचाही इथेच निकाल लावतो, कारण ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी होती : 'सरकारी गाडी १५ वर्षांनी भंगारात जाते, मग ही २०३० ला जाणार.' केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये नियम केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला, हे खरं. १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी आपोआप संपते. पण तो नियम केंद्र, राज्य, पालिका, एसटीसारखी महामंडळं अशा मालकांच्या गाड्यांना आहे. खासगी नावावर आलेली गाडी खासगी गाडीच्या नियमाने चालते. १५ वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, मोटारीसाठी १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ५ हजार आहे, वर पर्यावरण कर. म्हणजे अफवा खोटी, पण आप्पांच्या बाबतीत ती खरी ठरू शकली असती. गाडी सरकारच्याच नावावर राहिली असती तर २०३० मध्ये ती नोंदणीतून गेलीच असती, मग ती प्रत्यक्षात कुणाच्या का अंगणात उभी असेना.

गाडी

मीटर १ लाख ४१ हजार दाखवत होतं आणि मीटर खरं होतं. पोलीस गाडीचं मीटर मागे फिरवायची गरज कुणाला पडत नाही, कारण लॉगबुकात रोजचे किलोमीटर चढवलेले असतात. पण पोलीस गाडी किलोमीटरने झिजत नाही. नाकाबंदीला उभी, बंदोबस्ताला उभी, गणपतीच्या दहा दिवसांत तर रात्ररात्र उभी, आणि बहुतेक वेळा इंजिन चालू. वायरलेस चालू ठेवायचा, वरचा दिवा चालू ठेवायचा, उन्हाळ्यात एसीही. चाकं फिरत नाहीत म्हणून मीटर पळत नाही, इंजिन मात्र पळत असतं. अमेरिकेत पोलिसांच्या गाड्यांबाबत फोर्डचा ठोकताळा असा की एक तास उभ्याने चाललेलं इंजिन म्हणजे सुमारे ३३ मैल, आपल्या हिशेबाने ५० किलोमीटरच्या वर धाव. रोजचे दोन तास जरी धरले तरी आठ वर्षांत आकडा कुठे जातो ते ज्याचं त्याने मोजावं. तिथे बऱ्याच पोलीस गाड्यांना इंजिन किती तास चाललं हे दाखवणारं मीटर असतं, म्हणून घेणाऱ्याला अंदाज येतो. आपल्या बोलेरोला ते नाही. तेव्हा इंजिनच बघायचं.

गाडी गरम केली, चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं. झाकण किंचित थरथरलं, उडालं नाही. धूर होता पण पिचकाऱ्या नव्हत्या. ऑइल खाण्याची तक्रार आप्पांची नव्हती, सायलेन्सरच्या तोंडाशी चिकट काजळी नव्हती. इंजिन थकलेलं होतं, संपलेलं नव्हतं. क्लच मात्र गेल्यात जमा. घाटात चौथ्या गिअरला आवाज वाढायचा आणि वेग तिथेच. मागचे पाटे उत्तम, कारण पोलिसांनी गाडी माणसांनी भरली होती, मालाने नव्हे. आप्पांनी त्यात कुंड्या भरल्या, तेही त्यांनी सोसलं.

गाडीची कर्मकहाणी खरी कळते ती छतावर. दिव्याची पट्टी बसवायला पाडलेली चार भोकं आणि अँटेनाचं एक. लिलावाआधी दिवा, सायरन, वायरलेस संच काढून घेतात, भोकं तशीच राहतात. कुणीतरी त्यांत एम-सील दाबलेलं होतं. एम-सील दोन उन्हाळ्यांत तडकलं आणि पावसाचं पाणी आत झिरपून छताच्या कापडावर चहाच्या कपाच्या बुडाएवढी पिवळी वर्तुळं उमटली, बरोबर चार. टोमॅटोवाल्याने तीही पाहिली होती. ही भोकं पत्र्याची चकती वेल्ड करून बुजवायला हवीत, वरून रंग. वेल्डिंगच्या आधी आतलं कापड उतरवावं लागतं, नाहीतर ते पेटतं. कापड नवं घालून सगळं मिळून ९ हजार झाले.

आप्पांची दुसरी तक्रार, "तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते." दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदललेल्या. इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखालचं पॅनेल उघडलं तर आत जाडजूड लाल वायर थेट बॅटरीवरून आलेली, मध्ये फ्यूजही नाही, आणि दुसरं टोक चिकटपट्टी गुंडाळून छताच्या खांबात सोडून दिलेलं. सायरनचा सगळा संच काढला, वायर जिवंत ठेवली. चिकटपट्टीतला गोंद उन्हाने वितळून टोक पत्र्याला अधूनमधून टेकत होतं. बॅटरी बसण्यावर भागलं हे नशीब. अशा ठिकाणी गाडी पेटते. पोलीस असो, रुग्णवाहिका असो, अशी कुठलीही गाडी घेताना बॅटरीपासून निघणारी प्रत्येक जादा वायर शोधून मुळापासून काढायची. हे काम इंजिन तपासण्याच्याही आधीचं. खर्च हजाराच्या आत येतो.

राहिली दारावरची अक्षरं. उरलेला गोंद हेअर ड्रायरने कोमट करून आणि रॉकेलच्या बोळ्याने पुसून जातो. ब्लेड लावलं की रंगावर कायमचे ओरखडे. पण उन्हाने पडलेला फरक गोंद काढून जात नाही. रबिंग आणि पॉलिशने अक्षरं पुसट होतात, तिरप्या उन्हात तरी दिसतातच. आप्पांना चारही दारं रंगवायची होती. माझं म्हणणं होतं की रंगवू नका. दहा वर्षांच्या गाडीची दारं नवी कोरी दिसली की गिऱ्हाइकाच्या मनात पहिला शब्द येतो तो 'ठोकलेली'. पोलिसांची गाडी ही शंका एका वाक्यात फिटते, ठोकलेली गाडी ही शंका फिटत नाही. आप्पांनी ऐकलं नाही. भोसरीत एकाकडे १४ हजारांत दारं रंगवून घेतली. उन्हात दारं पांढरी आणि बाकीची गाडी साईच्या रंगाची दिसायला लागली.

जाहिरात आणि गिऱ्हाइकं

नवी जाहिरात मी लिहिली. पहिल्याच ओळीत 'पोलीस लिलावातली गाडी, नाव चढलेलं, कागद पूर्ण'. त्याखाली क्लच बदलायला झालाय, छताला वेल्डिंग आहे, अक्षरांच्या खुणा झाकायला दारं रंगवली आहेत, अपघात नाही. किंमत ३ लाख.

आधीपेक्षा कमी फोन आले, पण आले ते दोन जातींचे. पहिल्यांना गाडीशी कर्तव्यच नव्हतं. "स्टिकर आहेत का अजून?" "सायरनचं कनेक्शन ठेवलंय ना?" एकाने तर टोलवर कसा फरक पडतो ते समजावून सांगितलं आणि वीस हजार जास्त देऊ केले. अशा माणसाला गाडी विकणं म्हणजे विकत दुखणं घेणं. खासगी गाडीवर पोलिसांचा आव आणणं हा नुसता वाहतुकीचा गुन्हा नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली येतं आणि त्याला किमान सहा महिने कैद आहे. चौकशी निघाली की गाडी कुणाकडून घेतली हा प्रश्न पहिल्या पाचांत येतो. म्हणून जाहिरातीत गाडीचा जुना, पट्टे आणि दिवा असलेला फोटो टाकायचा नाही, कुणी मागितला तरी द्यायचा नाही.

अमेरिकेत याउलट प्रकार आहे. फोर्डची क्राउन व्हिक्टोरिया २०११ मध्ये बंद झाली, तरी तिची निवृत्त पोलीस आवृत्ती हौसेने घेणारे, तिचे खास सुटे भाग शोधणारे लोक तिथे आहेत, कारण ती गाडी पोलिसांसाठी मुद्दाम भक्कम बांधलेली असायची. आपल्याकडची पोलीस बोलेरो ही शोरूममध्ये मिळते तीच बोलेरो. वरचा दिवा गेला की तिच्यात खास काही उरत नाही, त्यामुळे हौसेची किंमत मिळेल ही आशा सोडलेली बरी.

मधल्या काळात एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचा आकडाही घेऊन ठेवला होता : १ लाख ६० हजार. आप्पा खवळले. पण व्यापाऱ्याची बाजूही बघावी लागते. त्याला विकताना नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो, क्लच करायचा असतो, गाडी तीन महिने उभी राहील हे धरायचं असतं. एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्याला गाडी देताना तशी सूचना परिवहन कार्यालयाच्या पोर्टलवर द्यायची सोय झाली आहे, त्यानंतर गाडीची जबाबदारी व्यापाऱ्यावर जाते. ज्याला गिऱ्हाइकांची कटकट नको त्याने कमी पैशांत हा रस्ता धरावा. फक्त व्यापारी अधिकृत आहे का ते पाहूनच. आप्पांना घाई नव्हती.

दुसऱ्या जातीचं गिऱ्हाईक पुरंदरवरून आलं. अंजीर आणि सीताफळाची बाग, बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर नुसता दगडगोटा. त्याला मऊ सीट नको होती, टचस्क्रीन नको होता. सोबत सासवडचा मेस्त्री आणला होता. मेस्त्रीने पाटे पाहिले, चेसिस ठोकून पाहिली, ऑइलचं झाकण उलटं ठेवून पाहिलं. मग छताच्या खालून हात फिरवला आणि म्हणाला, "भोकं बुजवलीत व्यवस्थित." मालकाने एकच प्रश्न विचारला, "आप्पा, नाव तुमचंच आहे ना आरसीवर?" आप्पांनी या वेळी मूळ आरसी पुढे केली.

क्लचचे, दोन टायरांचे आणि रंगाच्या तफावतीचे कापून २ लाख ६० हजारांवर ठरलं. दहा हजार विसार, बाकी रक्कम बँकेतून. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहिली, सायंकाळी ५.४०, आणि मीटरचा फोटो काढला. वेळ लिहिण्याचा कंटाळा लोक करतात, पण त्याच दिवशी संध्याकाळी दिवे घाटात कॅमेऱ्याने चलान फाडलं तर ते कुणाचं हे त्या एका आकड्यावर ठरतं. नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. ते गिऱ्हाइकाच्या एजंटावर न सोडता आप्पांनी स्वतः केलं, आणि पुरंदरच्या मालकाच्या नावावर गाडी चढल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत कागदांच्या प्रती जपून ठेवल्या. विमा नव्या मालकाने नव्याने काढला. या खेपेला कंपनीचा तपासनीस येऊन गाडी बघून गेला.

आप्पांचा हिशेब असा : घेतली १ लाख ८५ हजारांना, विकली २ लाख ६० हजारांना. मधून लिलाववाल्याचे १५, छताचे ९, दारांचे १४ हजार आणि दोन बॅटऱ्या गेल्या, शिवाय चलानं, दोनदा नाव बदलण्याचं शुल्क, उशिराचा दंड आणि लिलाववाल्याला अर्जासाठी करावा लागलेला विमा. दोन वर्षं नर्सरीची कामं ओढून वर थोडे पैसे सुटले, म्हणजे सौदा वाईट नाही. दारांचे १४ हजार वाया गेले असं माझं मत आहे, कारण पुरंदरच्या मेस्त्रीने रंगाच्या तफावतीचे पैसे कापून घेतले ते घेतलेच. आप्पांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, दारं रंगवली नसती तर तो माणूस आतच आला नसता. नर्सरीत गेलो की हा वाद अजून निघतो.